इशारा देणारा मित्र आणि नंतरची फाशी

नागपुरात मुसलमान आणि ख्रिस्ती यांच्या मैत्रीचा एक जुना पुरावा १८५७ मधला आहे, आणि तो अडचणीचा आहे. १३ जूनच्या रात्री शहरातून आकाशात पेटते फुगे सोडायचे आणि ती खूण पाहून टाकळीच्या घोडदळाने इंग्रजांविरुद्ध उठायचे, असा बेत होता. स्टीफन हिस्लॉप हा फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ पासून नागपुरात होता. १८४६ मध्ये त्याने येथे शाळा काढली होती. त्याच्या एका मुस्लिम मित्राने त्याला वेळेवर सावध केले. हिस्लॉपने ही वार्ता अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली आणि उठाव फसला. गोऱ्या वस्तीचे प्राण वाचले. पुढे या बेतासाठी नवाब कादर अली आणि त्यांचे साथीदार सीताबर्डीच्या किल्ल्यावर फासावर गेले. त्यांच्या कबरी त्या किल्ल्यातच आहेत. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि १ मे या दिवशी किल्ला लोकांसाठी उघडतो तेव्हा त्या पाहता येतात. दोन्ही धर्मांतल्या सलोख्याची गोष्ट सांगताना आपण बहुधा इशाऱ्यापाशी थांबतो. फाशीपर्यंत गेलो तरच त्या मैत्रीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही कळतात.

त्या मित्राला फितूर म्हणणारे म्हणतील, आणि सर्वधर्मसमभावाचा आदर्श म्हणून त्याचा गौरव करणारेही भेटतील. मला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. हिस्लॉप काही बंगल्यात बसून राहणारा माणूस नव्हता. तो मराठी शिकला, गोंडांच्या परंपरा टिपून घेतल्या, मध्य भारतातले खडक आणि जीवाश्म गोळा करत गावोगाव हिंडला. अशा माणसाला शहरात जिव्हाळ्याचे मित्र मिळावेत यात नवल नाही, आणि मित्राचा जीव वाचावा असे कुणाला वाटले तर त्यात पापही नाही. पण १८५४ मध्ये डलहौसीने भोसल्यांचे राज्य खालसा केले होते. त्यानंतर या दोघांपैकी एक जण राज्यकर्त्यांच्या जातीचा झाला आणि दुसरा जिंकलेल्या शहराचा रहिवासी. नव्या कारभारातल्या गैरव्यवस्थेवर हिस्लॉपने वृत्तपत्रांतून टीका केली, हे त्याच्या पदरी घालायलाच हवे. तरीही त्याचा मित्र जे बोलला ते मित्राच्या कानात बोलला आणि पोहोचले सरकारच्या कानात. दोघांचा हेतू कितीही निर्मळ असो, त्या दोन कानांत अंतर ठेवणे तेव्हा त्यांच्या हातात उरले नव्हते.

यावर असा आक्षेप येईल की हा सारा राजकारणाचा मामला आहे, धर्माचा त्यात काय संबंध? संबंध आहे. १८१३ च्या सनदेनंतर मिशनऱ्यांना कंपनीच्या मुलखात येण्याची वाट मोकळी झाली. नव्या काडतुसांमुळे धर्म बुडेल ही सैनिकांची धास्ती १८५७ मधली. शाळा, छापखाना आणि पलटण एकाच झेंड्याखाली दिसत असताना धर्मप्रसारक आणि हाकीम यांच्यात फरक करा, असे सामान्य मुसलमानाला सांगणे अन्यायाचे होते. परस्परांची श्रद्धा समजून घ्यायला जी निर्धास्ती लागते ती अशा वेळी येणार कुठून? दुसरा आक्षेप ताजबागचा. कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर सगळ्या धर्मांचे लोक येतात, मग आणखी काय हवे? तिथली भक्ती खरी आहे आणि मोलाची आहे. परंतु एका चौकटीवर माथा टेकवणाऱ्या दोघांना एकमेकांच्या ग्रंथात काय लिहिले आहे हे ठाऊक असतेच असे नाही.

समज कशी वाढते याचा चांगला दाखला नागपूरच्या बाहेर घडला. हेन्री मार्टिन हा इंग्रज पाद्री १८१२ मध्ये तोकात येथे वारला. नव्या कराराच्या त्याच्या हिंदुस्तानी भाषांतराला मिर्झा फितरत यांचा हात लागला होता. त्याच्या नावाची इस्लाम-अभ्यासाची शाळा १९३० मध्ये लाहोरला निघाली. हेतू उघड होता: मुसलमानांत धर्मप्रसार करणारे कार्यकर्ते तयार करायचे. ही शाळा अलीगड, जबलपूर, लखनौ असे मुक्काम करत १९७१ मध्ये हैदराबादला स्थिरावली आणि वाटेत तिचे उद्दिष्टच पालटले. धर्मप्रसाराची जागा संवादाने आणि सलोख्याच्या कामाने घेतली. दंगलींनी पोळलेल्या जुन्या हैदराबादेत संस्थेने शेजाऱ्यांना एकत्र आणण्याचे काम केले. साम्राज्याचा आधार गेला नसता तर हे वळण आले असते असे मला वाटत नाही. कॅथलिक चर्चनेही १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत मुसलमानांविषयी आदराची भूमिका अधिकृतपणे घेतली, तीही वसाहती एकामागून एक स्वतंत्र होत असलेल्या काळातच.

भारतात या बदलाला कायद्याचाही टेकू मिळाला. संविधान सभेत १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा मुसलमान आणि ख्रिस्ती दोघांनीही वेगळ्या जागांविना नागरिक म्हणून उभे राहणे पत्करले. अनुच्छेद ३० ने शिक्षणसंस्था चालवण्याचा एकच हक्क दोघांना दिला. सेमिनरी हिल्सवरचे १९५६ चे सेंट फ्रान्सिस डी सेल्स महाविद्यालय आणि सदरमधले अंजुमन या मुस्लिम संस्थेचे अभियांत्रिकी महाविद्यालय आज त्याच एका कलमाच्या आधाराने उभी आहेत. त्या हक्कावर न्यायालयात वाद होतो तेव्हा एकाच्या खटल्याचा निकाल दुसऱ्यालाही लागू पडतो. हे नुसते हितसंबंध झाले, मैत्री नव्हे, असे कुणी म्हणेल. पण १८५७ मध्ये दोन मित्रांचे हितसंबंध विरुद्ध बाजूंना होते, म्हणूनच त्यांच्या मैत्रीची किंमत तिसऱ्यांनी फासावर चुकवली. हित एका बाजूला आले की मित्राच्या कानात बोललेले मित्रापाशीच राहू शकते. भारतातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालय याच नागपुरात आहे आणि मोमिनपुरा ही मुस्लिम वस्तीही त्याच शहरात. कुराणाचा मराठीतून नीट अभ्यास करणारे पाद्री आणि मराठी बायबल वाचणारे मौलवी या शहरात तयार व्हायला आता परक्या झेंड्याची अडचण नाही.