मास्तरांनी घडवलेली चिन्हं

इंग्रजी शब्दकोशात शब्दापुढे तिरप्या रेघांमध्ये उच्चाराची चिन्हं असतात. आपली मुलं तिकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते विद्वानांचं काम, असा समज होऊन बसलाय. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या मला हा समज फार खटकतो. ही चिन्हं घडवली ती मास्तरांनी, वर्गातल्या पोरांसाठी.

पॅरिसचा पॉल पासी हा त्यांतला पुढारी. सक्तीच्या लष्करी सेवेऐवजी दहा वर्षं सरकारी शाळेत शिकवण्याची वाट त्याने धरली. (त्याच्या वडिलांना, फ्रेदरिक पासींना, १९०१ साली शांततेचं पहिलं नोबेल विभागून मिळालं, लढाईची नावड घरचीच असावी.) 'थ्रू' आणि 'कफ' या दोन्ही शब्दांच्या शेवटी तीच चार अक्षरं असतात, मग पोरांनी वाचायचं कसं? पासी म्हणे, आधी ऐकलेलं चिन्हांत लिहू द्या, स्पेलिंग मागाहून शिकवा. १८८६ साली त्याने भाषाशिक्षकांची संघटना उभारली आणि १८८८ साली तिची वर्णमाला छापून आली. 'ल मेत्र फोनेतीक' हे संघटनेचं मुखपत्र तर १९७० पर्यंत अथपासून इतिपर्यंत उच्चारचिन्हांतच निघत होतं!

पासीकडे शिकलेल्या डॅनियल जोन्सने १९१३ साली मिखाएलिस नावाच्या सहकाऱ्याबरोबर एक कोश केला. त्यात शब्द स्पेलिंगने नव्हे, उच्चाराने लावलेले होते. कानावर पडलेला शब्द शोधायचा, की त्याचं स्पेलिंग हाती लागायचं. मला ही कल्पना आजही विलक्षण वाटते. १९१७च्या कोशात जोन्सने हा क्रम उलटवला, आणि जगभर गेला तो हाच कोश. त्यातला उच्चार मात्र दक्षिण इंग्लंडातल्या, बड्या निवासी शाळांत मुलगे घालणाऱ्या घरांचा.

जोन्सच्या कोशात जहाजाच्या 'शिप'ला आणि मेंढीच्या 'शीप'ला स्वराचं चिन्ह एकच होतं. मेंढीच्या स्वरापुढे लांबी दाखवणारी दोन टिंबं, इतकाच फरक. मराठी मूल लगेच ऱ्हस्व-दीर्घ समजून मोकळं होतं. पण जहाजाच्या स्वराला जीभ जराशी खाली आणि सैल राहते. तो स्वरच वेगळा. १९७७च्या चौदाव्या आवृत्तीत तिचा संपादक गिमसन याने या दोघांना दोन निरनिराळी चिन्हं दिली, हे फार बरं केलं.

आपली खरी अडचण 'व'ची. बंडी आणि पश्चिम, देवनागरीत दोन्ही 'वेस्ट'. मी वर्गात आरसा फिरवायचो. बंडीसाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, पश्चिमेसाठी ओठांचा चंबू करायचा. हल्ली मोबाइल शब्द बोलून दाखवतो, पण मराठी कानाला दोन्ही 'वेस्ट' सारखेच लागतात. शेजारी दोन निराळी चिन्हं दिसली, की मूल थबकतं आणि तो शब्द पुन्हा ऐकवायला सांगतं.