ऑनलाइन वननकाशांच्या वापरातील अडचणी

ऑनलाइन वननकाशांच्या वापरातील अडचणी बहुतांशी 'वन' या संज्ञेच्या निरनिराळ्या अर्थांमुळे उद्भवतात. वरोरा तालुका ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, तेथे तसेच शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात महसुली अभिलेखांत 'झुडपी जंगल' अशी नोंद असलेल्या जमिनी आहेत. त्यामुळे या भागात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

वनाच्छादन आणि अभिलेख

भारतीय वन सर्वेक्षण संस्था किमान १ हेक्टर क्षेत्राच्या आणि १० टक्क्यांहून अधिक वृक्षछत्राच्या जमिनीची गणना वनाच्छादनात करते. मालकी वा कायदेशीर दर्जा विचारात घेत नाही. परिणामी फळबाग किंवा बांबूची लागवड या नकाशात वन म्हणून दिसू शकते, तर विरळ झुडपी जंगल वगळले जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २२ मे २०२५ रोजी झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनी मानण्याचा निर्णय दिला.

स्वतंत्र सेवा

इस्रोच्या 'भुवन' (२००९) या संकेतस्थळावर उपग्रहचित्रे, 'महाभूनकाशा'वर गावनकाशातील भूखंडांच्या सीमा आणि 'महाभूलेख'वर सातबारा उपलब्ध असतो. एखाद्या जमिनीची पूर्ण माहिती मिळवण्यासाठी वापरकर्त्याला या नोंदी परस्परांशी पडताळून पाहाव्या लागतात.

वनहक्क दावे

वनहक्क कायदा, २००६ अंतर्गत २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे. ते इतर पुराव्यांची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे केवळ चित्रात शेती दिसत नाही, या कारणावरून दावा फेटाळणे नियमांशी सुसंगत ठरत नाही.