दफनाची वर्गणी, दारचा एजंट आणि अनोळखी फोन

ब्रिटनमधल्या कामगार वस्त्यांत अंत्यविधीचा विमा रुजला तो धास्तीपोटी. घरच्यांकडे दफनाचे पैसे नसले की मृताला सरकारी खर्चाने, नावाच्या दगडाशिवाय, अनेक शवपेट्यांसोबत एकाच खड्ड्यात पुरत. १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्याने या धास्तीत भर घातली. वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवायच्या आश्रयगृहात, मेलेल्या आणि कोणी हक्क न सांगितलेल्या माणसाचे प्रेत विच्छेदनासाठी वैद्यकीय विद्यालयाला देता येऊ लागले. दोनच वर्षांनी नवा गरीब कायदा आला. हातपाय थकल्यावर वर्कहाऊसखेरीज दुसरा आसरा नाही, हे त्यानंतर अनेकांना दिसू लागले.

त्यावर उपाय म्हणून लोकांनी आपल्या भिशीसारखी दफन-मंडळे काढली. लँकेशायरच्या गिरणगावांत ती विशेष फोफावली. आठवड्याला पेनी किंवा अर्धी पेनी वर्गणी, जमायचे ठिकाण पब आणि पैशांची पेटी पुष्कळदा पबमालकाकडेच. हिशेब मात्र कच्चा असे. तरुण आणि म्हातारे सारखीच वर्गणी भरत. सभासद वयस्क झाले की मृत्यू वाढत, तरुण फिरकेनासे होत आणि पेटी आटे. कुठे खजिनदारच पैसे घेऊन पसार होई. यात सगळ्यांत जास्त नागवला जाई तो म्हातारा सभासद. उभी हयात वर्गणी भरलेली असली, तरी त्या वयात दुसरे मंडळ त्याला घ्यायला तयार नसे. काही मंडळे मात्र टिकली आणि वाढली. लिव्हरपूलच्या एका पबमध्ये १८५० साली सुरू झालेल्या मंडळाने पुढे त्याच शहराच्या धक्क्यावर रॉयल लिव्हर बिल्डिंग बांधली. ती १९११ मध्ये खुली झाली.

प्रुडेन्शियल कंपनीने १८५४ पासून गरिबांचा छोटा विमा विकायला घेतला आणि धंद्याचा मुक्काम पबमधून घराच्या उंबऱ्यावर आला. एजंट दर आठवड्याला ठरल्या दिवशी दार वाजवी, नाणे घेई, छोट्या वहीत नोंद करी आणि घरातल्यांची विचारपूस करी. त्याचे पोट कमिशनवर चाले, नव्या पॉलिसीवर वेगळी रक्कम मिळे. वसुलीचा भाग ही त्याची मालमत्ताच असे आणि ती विकतही घेतली जाई. बेकारी किंवा आजारपणात काही हप्ते चुकले की पॉलिसी बंद पडे आणि भरलेले पैसे बुडत.

अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी १८६४ मध्ये या संस्थांच्या उधळपट्टीवर संसदेत कडक टीका केली आणि पोस्टामार्फत सरकारी विमा सुरू केला. तो सुरक्षित होता, पण चालला नाही, कारण पोस्टाचा माणूस हप्ता न्यायला घरी येत नसे. या साऱ्या इतिहासात ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गिऱ्हाईक कागदावरच्या अटी वाचून विमा घेत नव्हते. दारात येऊन आपुलकीने बोलणाऱ्या माणसाकडून घेत होते. या धंद्यावर देखरेखीसाठी आयुक्त नेमला गेला तो १९२३ च्या कायद्याने. सामाजिक सुरक्षेवरच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने दाखवले की हप्त्यांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक पैसा खर्चातच जातो. अहवालाच्या शिफारशीनुसार १९४९ पासून सरकार अंत्यविधीसाठी २० पौंड देऊ लागले. पुढे महागाईने या मदतीची किंमत नगण्य केली आणि १९८७ मध्ये ती बंद झाली.

रिकाम्या झालेल्या जागेत आगाऊ पैसे भरून घेणाऱ्या अंत्यविधी योजना आणि पन्नाशीनंतरचे विमे शिरले. दार वाजवणाऱ्या एजंटाची जागा फोनने घेतली. बोलणाऱ्याचा सूर मायेचा असतो: तुमची जुनी योजना संपत आली आहे, खर्च वाढलाय, मुलांवर बोजा कशाला, आजच्या आज सवलत आहे, फक्त बँकेचा खाते क्रमांक सांगा. एकटे राहणाऱ्या, नुकताच जोडीदार गमावलेल्या वृद्धाला हा फोन नेमका गाठतो. पूर्वीचा एजंट निदान गल्लीत पुन्हा भेटे. फोनवरच्या आवाजाला ना चेहरा, ना पत्ता.

मार्च २०२२ मध्ये सेफ हँड्स ही कंपनी बुडाली. तिच्याकडून सुमारे ४६,००० लोकांनी योजना घेतल्या होत्या. त्याच वर्षी २९ जुलैपासून या योजना वित्तीय आचार प्राधिकरणाच्या नियंत्रणाखाली आल्या. आगाऊ पैशांना भरपाई निधीचे संरक्षण मिळाले, मध्यस्थांचे कमिशन बंद झाले आणि न मागता फोन करून योजना विकण्यावर बंदी आली. कायद्याने हिशेबाच्या वहीबरोबर विक्रीच्या वाटेलाही हात घातला. त्यामुळे वृद्धाला समोरच्याचा खरेखोटेपणा पारखत बसावे लागत नाही. असा फोन आला की तो ठेवून द्यावा, प्राधिकरणाच्या नोंदवहीत कंपनीचे नाव पाहावे आणि खाते क्रमांक दिला गेलाच असेल तर लगेच बँकेला कळवावे.

ही बंदी मात्र योजनांपुरतीच होती, अंत्यविधीच्या विम्याला ती लागू नव्हती. अशी बंदी सर्व वित्तीय उत्पादनांना लागू करण्याचा मनोदय सरकारने २०२३ मध्ये जाहीर केला. भीती तीच आणि गिऱ्हाईकही तेच असताना विमा विकणाऱ्या फोनला वेगळा न्याय लावायचे काही कारण नाही.