पाठदुखी : डॉक्टर की कायरोप्रॅक्टर?

मुळशी तालुक्यात पाठदुखीचे दोन हंगाम असतात. पावसाळ्यात भाताची लावणी करून कंबर धरलेले रुग्ण येतात आणि हिंजवडीच्या कंपन्यांत खुर्चीवर बसून मान आखडलेले तर बारा महिने येतात. अलीकडे दोघेही विचारतात, “डॉक्टर, मोबाईलवर दाखवतात तसं मणके मोडून घेऊ का?”

कायरोप्रॅक्टिक म्हणजे काय?

ही पद्धत डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. मणके जागेवरून सरकल्याने बहुतेक आजार होतात, ही त्यांची मूळ कल्पना. आधुनिक वैद्यकशास्त्राला याचा पुरावा मिळालेला नाही. हाताने सांध्याला झटका दिल्यावर ‘कट्’ असा आवाज येतो, तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होण्याशी संबंधित असतो. हाड ‘जागेवर बसल्याचा’ तो आवाज नव्हे.

फरक कुठे आहे?

डॉक्टर आधी दुखण्याचे कारण शोधतात : स्नायूंची उसण, दबलेली नस, ठिसूळ हाडाचे फ्रॅक्चर, मणक्याचा क्षयरोग की मूतखडा? उपचार त्यानंतर ठरतो. कायरोप्रॅक्टर मुख्यतः मणक्यांवर हाताने उपचार करतात. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकच्या पदवीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये डॉक्टर म्हणून नोंदणी होत नाही.

उपयोग होतो का?

साध्या कंबरदुखीत काहींना थोडा आराम मिळतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधाविना उपचारांमध्ये या पद्धतीचाही समावेश आहे. मात्र मिळणारा फायदा व्यायाम किंवा फिजिओथेरपीपेक्षा ठळकपणे जास्त नाही. साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. दमा, मधुमेह, रक्तदाब यांसाठी याचा भरवसा धरू नका आणि चालू गोळ्या बंद करू नका.

धोका कोणता?

मानेला जोरात झटका दिल्यास क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. ठिसूळ किंवा क्षयरोगाने पोखरलेला मणका झटक्याने मोडू शकतो. गावातल्या हाड बसवणाऱ्यांकडून मान किंवा कंबर मोडून घेतानाही हाच धोका असतो.

आधी डॉक्टरांकडेच जा, जर :

• संध्याकाळी ताप येतो, वजन घटते, रात्री झोपेतही दुखते
• पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, किंवा वय जास्त असून हाडे ठिसूळ आहेत
• पूर्वी कॅन्सर झाला होता, किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत

पायातली ताकद कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचा. मान मोडल्यावर चक्कर, बोलण्यात अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे दिसले, तर लगेच १०८ ला फोन करा.

मग काय करावे?

अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढे चालत राहा. शेक घ्या. लावणीत अधूनमधून उभे राहून कंबर सरळ करा. खुर्चीवरून दर अर्ध्या तासाने उठा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात.

तरीही कायरोप्रॅक्टरकडे जायचे असेल, तर आधी निदान करून घ्या, आपले सगळे आजार त्यांना सांगा आणि मानेला झटका देऊ देऊ नका. दुखणे नेमके कशामुळे आहे ते कळल्याशिवाय पाठ कोणाच्याही हाती देऊ नका.