पेण, रोहा आणि लॅटिनचा बाक

पेण म्हटलं की गणपतीचे कारखाने आठवतात, रोहा म्हटलं की कुंडलिका आणि धाटावची एमआयडीसी. या दोन गावांच्या संदर्भात लॅटिनवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. रोमन लोकांची भाषा, तिचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो कॉलेजमधून आलेला आहे. आपल्याकडे जुनी भाषा कॉलेजात कशी शिकवायची याचा जो साचा ठरला, तो लॅटिनचा होता. संस्कृतसुद्धा त्याच साच्यातून आपल्यापर्यंत आली. त्या साच्याने काय दिलं आणि काय हातातून निसटलं, हे आज पाहायचं आहे. त्यासाठी आपल्या जिल्ह्यातली दोन मुलं मदतीला घेणार आहे. एक पेण तालुक्यातला, दुसरा रोह्याचा.

सुरुवात एका गुणपत्रिकेपासून करू. 1855 साली इंडियन सिव्हिल सर्व्हिससाठी लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. एकूण गुण 6,875. त्यात लॅटिनला 750, ग्रीकला 750. आणि संस्कृतला? 375. अरबीला 375. म्हणजे हिंदुस्थानचा कारभार करायला निघालेल्या माणसाला रोमची भाषा येत असेल तर हिंदुस्थानच्या जुन्या भाषेच्या दुप्पट गुण! यात लबाडी होती असं म्हणण्यापेक्षा, परीक्षा कोणासाठी बेतली होती ते त्यातून दिसतं. इंग्लंडमधल्या चांगल्या शाळांत पोरं लहानपणापासून लॅटिन घोकत. पुढे 1878पासून वयाची मर्यादा 21 वरून 19 वर आणली, तेव्हा आपल्या मुलांची वाट आणखी अरुंद झाली. त्याविरुद्ध सुरेंद्रनाथ बॅनर्जी देशभर फिरले, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेलच.

आता मुंबईत या. मुंबई विद्यापीठ 1857चं, आणि लंडन विद्यापीठाच्या धर्तीवरचं. इंग्रजीच्या जोडीला दुसरी एक भाषा हवी, असा नियम. लवकरच मराठी, गुजराती या देशी भाषा वरच्या वर्गांतून बाहेर गेल्या आणि ती जागा लॅटिन, संस्कृत, फारसी अशा अभिजात भाषांची झाली. मराठीला पुन्हा आत घेण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरपर्यंत झगडावं लागलं. पण संस्कृत मात्र लॅटिनच्या शेजारच्या बाकावर येऊन बसली.

बाक शेजारचा, मग शिकवण्याची रीतही तीच. पाठशाळेत काय होतं? रूपं पाठ, अमरकोश पाठ, मग काव्य, मग व्याकरणाचे मोठे ग्रंथ. आधी कंठात, मग डोक्यात. कॉलेजला हे चालेना. तिथे तास घड्याळावर आणि परीक्षा वर्षाच्या शेवटी. ही अडचण ओळखली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी. मालवणचा जन्म, रत्नागिरीत शिक्षण, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक. त्यांनी 1860च्या दशकात दोन पुस्तकं लिहिली. त्यातलं पहिलं 'मार्गोपदेशिका'. धडा पहिला, थोडं व्याकरण, थोडे शब्द, मग वाक्यं: ही इंग्रजीत करा, ती संस्कृतात करा. विलायतेतली मुलं लॅटिन जशी पायरीपायरीने शिकत, तशीच ही रचना. कित्येक पिढ्या या पुस्तकांवर संस्कृत शिकल्या.

आता थोडं लॅटिन चाखून बघू, म्हणजे हा साचा संस्कृतला इतका नीट का बसला ते कळेल. एक वाक्य घ्या: 'मार्कुस यूलियाम विदेत'. मार्कुस युलियाला पाहतो. मूळ नाव 'यूलिया'. ती कर्म झाली की 'यूलियाम'. आठवलं काही? सीता, सीताम्! शब्दांची जागा बदला, 'यूलियाम मार्कुस विदेत' म्हणा, अर्थ तोच राहतो. 'रामः सीतां पश्यति' आणि 'सीतां पश्यति रामः' यांत जसा अर्थ बदलत नाही, तसंच. कोणी कोणाला पाहिलं हे शब्दाचं शेपूट सांगतं. इंग्रज मुलाला ही शेपटं डोकेदुखी वाटायची. आपण मात्र शाळेत 'स ला ते, ने ए शी' म्हणतच मोठे झालो. फरक इतकाच, की संस्कृतात संबोधन धरून आठ रूपं, लॅटिनमध्ये नेहमीच्या वापरातली सहा. संस्कृतची तृतीया, पंचमी आणि सप्तमी यांचं काम तिथे बहुतेक एकच विभक्ती उरकते. 'सुरीने', 'गावाहून', 'घरात' या तिन्ही कामांना एकच नोकर, असं समजा.

शब्दही ओळखीचे निघतात. पितृ, मातृ यांच्या जागी पातेर, मातेर. अग्नी म्हणजे इग्निस. दात म्हणजे देन्स, आणि त्याचं षष्ठीचं रूप देन्तिस. जिथे संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला 'भ' तिथे लॅटिनमध्ये 'फ': भ्राता तिथे फ्रातेर. 'भृ' म्हणजे वाहणं, धारण करणं, तिकडे 'फेर'. आपल्या आंब्याचं शास्त्रीय नाव काय? मँजिफेरा इंडिका. आंबा धारण करणारी, हिंदुस्थानातली. म्हणजे आपल्या परसातल्या झाडाच्या नावात 'भृ' धातूचा चुलतभाऊ बसला आहे!

हे झालं व्याकरण. पण नुसत्या व्याकरणाने भाषा येत नाही, तिच्यामागचं जग कळावं लागतं. आणि ते जग आपल्या किनाऱ्याला लागून गेलेलं आहे. रोह्याची कुंडलिका रेवदंड्याला समुद्राला मिळते. तिथलं जुनं बंदर चौल. 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात जे 'सेमुल्ला' येतं ते हेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याच शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी लॅटिनमध्ये तक्रार करतो, की हिंदुस्थान दरवर्षी आमच्या साम्राज्याचे 5 कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स म्हणजे रोमन नाणं. आता बघा, प्लिनीचा हा उतारा वर्गात केवळ 'कर्मणी रूप ओळखा' म्हणून आला, तर दोन गुण मिळतील. पण चौलच्या बंदरात उतरलेल्या जहाजाची दुसरी बाजू म्हणून वाचला, तर मुलाला वाटेल, अरे, हा माणूस आपल्याबद्दल बोलतोय. भाषा तिथून शिकायला लागते.

साच्यातल्या या उणिवेचं एक ठळक उदाहरण महात्मा गांधींचं आहे. बॅरिस्टर व्हायला ते लंडनला गेले आणि तिथे लंडन मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेलाही बसले. पहिल्या खेपेला नापास झाले, विषय लॅटिन. दुसऱ्या खेपेला, 1890 साली, पास. बॅरिस्टरीला रोमन कायद्याचा पेपर असायचा, पण लोक टिपणं पाठ करून दोन आठवड्यांत तो उरकत. गांधींनी मात्र रोमन कायदा लॅटिनमधून वाचला. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत गेले. तिथला कायदा रोमन-डच. तेव्हा जस्टिनियन वाचलेला कामी आला, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलं आहे. परीक्षेसाठीची टिपणं परीक्षेबरोबर गेली, वाचलेलं पुस्तक राहिलं.

आता आपली दोन मुलं. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, जन्म 14 जानेवारी 1896, महाडजवळच्या नाते गावी. घराणं रोह्याचं. विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, जन्म 11 सप्टेंबर 1895, पेण तालुक्यातलं गागोदे. दोघांच्या वयात चार महिन्यांचं अंतर, आणि दोघंही हुशार. पण जुन्या भाषेकडे जायच्या त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या.

चिंतामणराव साच्यातून गेले आणि साच्याचं सोनं केलं. 1912च्या मॅट्रिकला विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना. पुढे केंब्रिजला निसर्गविज्ञान, वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक, आणि 1918च्या आयसीएस परीक्षेत पहिला क्रमांक. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग केंद्रात अर्थमंत्री. इतकी पदं भूषवणाऱ्या माणसाची संस्कृत शिष्यवृत्तीबरोबरच संपली असती तर नवल नव्हतं. पण त्यांनी मेघदूत मराठीत आणलं, गांधीजींच्या वचनांना संस्कृत श्लोकांचं रूप दिलं, स्वतः संस्कृतात कविता केल्या. परीक्षा संपल्यावर ते वाचत राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

विनोबांचं उलटं. बडोद्याच्या शाळेत त्यांनी दुसरी भाषा घेतली फ्रेंच! 25 मार्च 1916ला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीची वाट धरली. त्याआधी शाळेचे दाखले चुलीत घातले होते. मग 1917मध्ये गांधींच्या आश्रमातून रजा घेऊन वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे बसले. उपनिषदं, ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य, योगसूत्रं. इथे घंटा नाही, पेपर नाही, ग्रंथ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. आईला गीता संस्कृतात कळत नाही, मराठीत हवी, ही तिची इच्छा मनात होती. त्यातून 1930-31मध्ये 'गीताई' झाली. तोवर आई राहिली नव्हती. पुढच्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली.

मग कोणाची वाट बरोबर? मंडळी, मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. पाठशाळेची वाट फार थोड्यांना उघडी होती. जात आणि स्त्री-पुरुष भेद यांच्या भिंती तिथे होत्या. कॉलेजच्या साच्याने निदान नियमाने तरी ते दार उघडलं, हे त्याचं मोठं काम. भांडारकरांचं पुस्तक कोणीही विकत घेऊन वाचू शकत होतं. पण साच्याचा धोकाही तितकाच खरा: भाषा ही दाराची किल्ली ठरते, आणि दार उघडलं की किल्ली फेकून देतात. लॅटिनचं हेच झालं. ज्या नोकऱ्यांसाठी ती शिकत, त्या परीक्षा गेल्या आणि आपल्याकडे ती चर्चच्या सेमिनरीत आणि मोजक्या अभ्यासकांपुरती उरली. कोर्टात 'हेबियस कॉर्पस', 'सुओ मोटो' रोज कानावर पडतं, पण त्या शब्दांमागची भाषा वाचणारा वकील शोधावा लागेल.

आणि आज संस्कृत? आठवीत मूल संस्कृत घेतं, का? 'स्कोअरिंग' आहे म्हणून. दहावीला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव, अकरावीला रामराम. घराघरात हेच चाललंय. लॅटिन ज्या उतारावरून गेली, त्याच उतारावर आपण संस्कृतला उभं केलं आहे. तिला किती गुण मिळतात यावर तिचं आयुष्य ठरत नाही. दहावीनंतर कोणी तिचं एखादं पान उघडतं का, यावर ठरतं.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एकच विनंती. व्याकरण शिकवा, त्याला पर्याय नाही. पण दर आठवड्याला एक पान असं वाचा, ज्यावर प्रश्न येणार नाही. मेघदूतातला पाऊस वाचायचा असेल तर जूनमध्ये वाचा, बाहेर पेणच्या शेतांत पेरण्या चालू असताना. प्लिनीची तक्रार अनुवादातून वाचायची असेल तर मुलांना रेवदंड्याच्या किनाऱ्यावर नेऊन वाचा. देशमुखांना आणि विनोबांना जे साधलं ते असामान्य बुद्धीमुळे साधलं हे खरंच. पण परीक्षेत न येणारं पान उघडायला असामान्य बुद्धी लागत नाही.