अमेरिकेतील किशोरांचे धूम्रपान : एका आलेखाचे वाचन

अमेरिकेतील किशोरवयीनांच्या धूम्रपानाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास एक साधन असामान्य सलगतेने उपलब्ध आहे. मिशिगन विद्यापीठाने १९७५ साली बारावीच्या विद्यार्थ्यांची वार्षिक पाहणी सुरू केली. १९९१ पासून आठवी व दहावीचे वर्गही तीत अंतर्भूत झाले. मागील तीस दिवसांत सिगारेट ओढल्याचे सांगणारे बारावीचे विद्यार्थी १९७६ साली शेकडा ३८.८ होते, २०२४ साली ते शेकडा २.५ उरले. या दोन आकड्यांमध्ये सरळ उतरती रेषा ओढण्याचा मोह होतो, पण तो टाळावयास हवा.

१९८० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या आसपास रेंगाळले, १९९२ साली २७.८ झाले, आणि नंतर पुनः चढून १९९७ साली ३६.५ वर पोहोचले. या चढाच्या काळातच 'जो कॅमल' हे व्यंगचित्रातील उंट जाहिरातीच्या फलकांवर मिरवत होते. सहा वर्षांच्या बालकांना ते मिकी माऊसइतकेच परिचित असल्याचे १९९१ च्या एका अभ्यासाने दाखविले. केवळ एका उंटावर साऱ्या चढाचे खापर फोडणे मात्र धाडसाचे होईल. १९९३ च्या एप्रिलमध्ये मार्लबरोची किंमत एकदम उतरविली गेली होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. १९९७ साली ते चित्र मागे घेण्यात आले. १९९८ च्या करारान्वये सिगारेट कंपन्यांच्या जाहिरातींवर कडक बंधने आली, किंमती वाढल्या, आणि उतार सुरू झाला.

या क्रमाचे महत्त्व पुढील वादात दिसून येते. इ-सिगारेटने किशोरांना सिगारेटपासून सोडविले, असा एक पक्ष आहे. परंतु उतार सुरू झाला तेव्हा हे उपकरण बाजारात आलेच नव्हते. २०१४ साली पाहणीत त्याविषयी प्रश्न आला, त्या वर्षी बारावीत सिगारेटचे प्रमाण १३.६ व इ-सिगारेटचे १७.१ होते. २०१५ साली 'जूल' बाजारात आले. निकोटिनच्या वाफेचे प्रमाण २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत ११ वरून २५.५ झाले. याच काळात सिगारेट अधिक वेगाने घटली, हे त्या पक्षाचे बलस्थान होय. तथापि जी मुले कधीच सिगारेटकडे वळली नसती, तीही या आकड्यात आहेत.

प्रश्नाची शब्दरचनाही गौण मानता येत नाही. वाफेत निकोटिन होते, गांजा होता की नुसता स्वाद, याची स्वतंत्र विचारणा २०१७ पासूनच झाली. त्यामुळे आधीच्या आकड्यांशी तुलना जपून करावी लागते. २०१९ च्या डिसेंबरात विक्रीचे वय २१ झाले. पुढील वर्षी कांडीतील फळांच्या स्वादांवर निर्बंध आले, पण वापरून फेकून द्यावयाची उपकरणे त्यांतून सुटली आणि मुले तिकडे वळली. शिवाय पाहणी वर्गात बसलेल्यांची आहे. शाळा सोडून गेलेल्यांची नोंद तीत नाही, आणि धूम्रपान त्यांच्यातच अधिक आढळते.