दुरुस्तीनंतर गिझर बिघडला. भरपाई कोणी द्यायची?

धाम नदीच्या काठावरील पवनार हे गाव विनोबांच्या आश्रमामुळे देशभर परिचित आहे. वर्धा-नागपूर रस्त्यावरील या गावातही, इतर गावांप्रमाणेच, स्नानाचे पाणी तापविणाऱ्या तांब्याच्या बंबाची जागा आता गिझरने घेतली आहे. बंब गळू लागला की तांबटाकडून त्याला डाग देऊन घेतला जात असे आणि गळती थांबली की नाही, हे तिथल्या तिथे दिसत असे. गिझरचे तसे नाही. त्याचा बिघाड पत्र्याच्या आवरणाआड असतो आणि त्यामुळेच ग्राहक व कारागीर यांच्यात वाद उभे राहतात.

अशा वादाचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. समजा, गिझर तापत नाही म्हणून ग्राहकाने मेकॅनिकला बोलाविले. त्याने कॉइल आणि थर्मोस्टॅट बदलला, मजुरी घेतली. आठ दिवसांनी टाकी गळू लागली. "टाकी चांगली होती, तुम्हीच ती बिघडवली," असे ग्राहक म्हणतो. "टाकी आधीच गंजली होती," असे मेकॅनिक सांगतो. ग्राहकापुढे काही हजारांच्या नव्या गिझरचा खर्च असतो, तर काही शे रुपये मजुरी घेणाऱ्या कारागिराला तेवढी भरपाई म्हणजे अनेक दिवसांची कमाई गमावणे ठरते. दुरुस्तीनंतर बिघाड झाला म्हणजे तो दुरुस्तीमुळेच झाला, असे कायदा गृहीत धरत नाही, हे दोघांनीही ध्यानात घेणे आवश्यक आहे.

बिघाडाची कारणे

कठीण पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. पाणी तापले की त्यांचा थर कॉइलवर व टाकीच्या तळाशी साचतो. थराखालील कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि जळते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घेतले जाते. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत म्हणूनच कॉइल लवकर जाते.

टाकी गंजू नये म्हणून अनेक गिझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड बसविलेला असतो. टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. तो संपल्यावर बदलला नाही, तर गंज टाकीला लागतो. अशी गळती दुरुस्तीनंतर दिसली, तरी तिचे मूळ जुने असते.

उलटपक्षी, काही दोष थेट दुरुस्तीकडे बोट दाखवितात. टाकी पाण्याने भरण्यापूर्वीच वीज सुरू केल्यास नवी कॉइल जळते. वायसर नीट न बसल्यास जोडापाशी पाणी झिरपते. गळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलण्याऐवजी बंद करून टाकल्यास पाणी तापून वाढलेल्या दाबाला वाट मिळत नाही. छतावरील टाकीची उंची दर १० मीटरला सुमारे १ बार एवढाच दाब देते. पंप थेट जोडला असल्यास मात्र दाब बराच वाढू शकतो. म्हणून गळती जोडापाशी आहे की टाकीच्या पत्र्याला, हा वादातील पहिला प्रश्न ठरतो.

पुराव्याची जबाबदारी

१९८६च्या कायद्याच्या जागी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि जिल्हा मंचाचे नाव जिल्हा आयोग झाले. मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही या कायद्याच्या अर्थाने 'सेवा' आहे. शेजारधर्म म्हणून फुकट केलेले काम तिच्यात येत नाही. सदोष दुरुस्तीमुळे हानी झाल्यास दुरुस्ती करणाऱ्यावरही दायित्व येऊ शकते.

मात्र सेवेत त्रुटी होती, हे प्रथम तक्रारदाराने दाखवावे लागते. शेंगदाण्याच्या निर्यातीसंबंधीच्या 'एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हेच तत्त्व अधोरेखित केले. गिझरच्या बाबतीत त्याचा अर्थ सरळ आहे. बिघडलेला गिझर भंगारात देऊ नये, बदललेले जुने भाग परत मागून घ्यावेत, गळतीची छायाचित्रे काढावीत आणि दुसऱ्या जाणकाराचे लेखी मत घ्यावे. तपासणीशिवाय दोष ठरविता येत नसल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

गिझर वॉरंटीत असल्यास बाहेरच्या मेकॅनिककडून तो उघडण्यापूर्वी वॉरंटी कार्डावरील अटी वाचाव्यात. वस्तूत फेरफार झाल्याचा बचाव विक्रेत्याला कायद्यानेच उपलब्ध आहे.

कारागिराची बाजू

पावती ही कारागिराचीही ढाल आहे. काम सुरू करण्यापूर्वी "टाकी गंजलेली, रॉड संपलेला, गळतीची शक्यता" असे पावतीवर लिहून ग्राहकाची सही घेतली, तर पुढचा वाद बहुधा टळतो. केलेल्या सेवेचे बिल न देणे ही २०१९च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

गिझर दुकानात नेला असल्यास १८७२च्या भारतीय करार कायद्याचे कलम १५१ लागू होते. सामान्य समजदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी कारागिराने घेणे अपेक्षित आहे. त्याच कायद्याच्या कलम १७० नुसार, ठरलेले काम पूर्ण केल्यावर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क त्याला आहे. जुन्या, वेगळ्या कामाच्या थकबाकीसाठी मात्र या कलमाचा आधार घेता येत नाही. मजुरीच्या वसुलीसाठी कारागिराला ग्राहक आयोगात जाता येत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय किंवा लोकअदालत हा मार्ग आहे.

लॉज, खानावळ आणि कारखाना

व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वा सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. 'लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स विरुद्ध पीएसजी इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट' या खटल्यात महाराष्ट्र राज्य आयोगाने सदोष यंत्राबद्दल २ लाख ४८ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली होती. पण खरेदी व्यापारी हेतूची ठरल्याने ती टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तोच निर्णय कायम केला. स्वयंरोजगारातून उदरनिर्वाह करणाऱ्यास मात्र कायद्यात सवलत आहे. २०१९ मध्ये मुंबईच्या लीलावती रुग्णालयाच्या न्यासाने परिचारिकांच्या निवासासाठी घेतलेल्या सदनिकांची खरेदी व्यापारी नसल्याचे न्यायालयाने ठरविले. तेव्हा वापर नफ्याशी थेट जोडलेला आहे काय, हे पाहिले जाते.

घरगुती गिझरला बोलीभाषेत बॉयलर म्हटले, तरी पाणी १०० अंश सेल्सिअसखाली तापविणारी उपकरणे बॉयलर कायद्यातून वगळलेली आहेत. वाफेच्या बॉयलरला १ मे २०२५ पासून नवा बॉयलर कायदा लागू असून त्याच्या रचनेत बदल करण्यास शासकीय मंजुरी लागते. तेथे वाद केवळ दोघांपुरता राहत नाही.

दाद कोठे मागावी?

तक्रारदाराला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पवनारच्या रहिवाशासाठी ते ठिकाण वर्धा जिल्हा आयोग होय. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी तेथे जावे लागत नाही. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील देणे बंधनकारक नाही. मुदत २ वर्षांची आहे. तक्रार 'ई-जागृती' संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. निकालाविरुद्ध ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. विदर्भासाठी त्याचे खंडपीठ नागपूरला आहे.

तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. तडजोडीची शक्यता दिसल्यास, दोन्ही पक्षांच्या संमतीने आयोग प्रकरण मध्यस्थीकडे पाठवू शकतो. नवी टाकी ग्राहकाने आणावी आणि ती बसविण्याची मजुरी मेकॅनिकने सोडावी, अशा तोडग्यात निकालाची वाट पाहण्यापेक्षा दोघांचाही खर्च वाचतो. ठरलेला तोडगा मात्र कागदावर उतरवून त्यावर दोघांनीही सह्या कराव्यात.